वेड पांघरून सेऊलला

मी पेडगावचा. पुण्यात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग ठरलेला विनोद करतो, "येताना वेड पांघरूनच आलास का?" सात वर्षं हा विनोद ऐकतोय. सुरुवातीला मी भूगोल समजावून सांगायचो. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं, बहादूरगडाचं. तिथल्या मोगल सरदाराला हूल देऊन मराठ्यांनी छावणी लुटली, अशी गोष्ट सांगतात. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. परभणीहून मानवत रोडकडे गाडी निघाली की लागतं. एक्स्प्रेस गाडीत बसून पाणी प्यायला मान वर केलीत तर दिसणारही नाही. इथं भीमा नाही, किल्ला नाही. काळी जमीन आहे, कापूस आहे, सोयाबीन आहे. तेव्हा म्हण आमची नव्हे.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र मी हे समजावणं सोडून दिलंय. म्हण आमचीही आहे आणि तुमचीही आहे. निदान दारूच्या बाबतीत तरी अख्खा महाराष्ट्र वेड पांघरून बसलाय, आणि त्या पांघरुणाखाली पोरं मरता मरता वाचतात. एक पोरगं माझ्या समोर वाचलं. त्याच्या हातात ग्लास मी दिला होता. म्हणून हा लेख.

चुलतभावाच्या हळदीची रात्र होती. गावात डीजे वाजत होता आणि आम्ही चौघं-पाचजण आखाड्यावर होतो. आमच्याकडे शेतातल्या गोठ्याला, राहत्या झोपडीला आखाडा म्हणतात. कुस्तीचा नव्हे. घरापासून लांब, बायकांच्या नजरेपासून लांब, म्हणून बसायला हीच जागा. माझा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा. परभणीला कॉलेजात शिकतो आणि दिवसाला दोन कोरियन मालिका बघतो. मराठवाड्यातल्या खेड्यातलं पोरगं कोरियन मालिका बघतं याचं ज्यांना नवल वाटतं, त्यांनी एकदा संध्याकाळी एसटी स्टँडवर पोरापोरींच्या मोबाइलमध्ये डोकावून बघावं.

त्या रात्री तो म्हणाला, "दादा, मी वाढतो. कोरियात वाढत्यात तसं." आणि त्यानं बाटली दोन्ही हातांनी धरून, किंचित वाकून माझ्या ग्लासात ओतली. मी ओतली तेव्हा त्यानं ग्लासही दोन्ही हातांनी घेतला. पिताना मान एका बाजूला वळवली, ग्लास हातानं झाकला, आणि एका दमात संपवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. एकानं रील काढलं. पोरगं खुशीत आलं आणि सगळी रीत सांगायला लागलं. मोठ्यांसमोर सरळ तोंड करून प्यायचं नाही. आपला ग्लास आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा रिकामा झाला की आपण भरायचा, आपला तो भरतो. अर्धा उरलेला ग्लास वरून भरायचा नाही, तसं ओतणं पितरांच्या पूजेत असतं. आणि मोठ्या माणसानं दिलेला ग्लास नाकारायचा नाही.

शेवटचं वाक्य मी लक्षात ठेवलं.

चौथ्या ग्लासाला तो म्हणाला, "दादा, बास झालं मपलं." मी हसून म्हणालो, "मोठ्याला नाही म्हणतो व्हय रं? चालतं का हे तुपल्या कोरियात?" सगळे हसले. त्यानं दोन्ही हातांनी ग्लास घेतला, मान वळवली आणि संपवला. पाचव्यालाही असंच झालं. सहाव्यानंतर तो बाजेवर आडवा झाला, आणि आम्ही त्याला उताणा नीट झोपवून पुन्हा गप्पांना बसलो.

आमचे सालगडी तिथंच होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. गाव त्यांना बेवडा म्हणतं. संध्याकाळी कुणीतरी त्यांच्यापुढेही ग्लास ठेवला होता. त्यांनी तो उचलून पालथा घातला होता. "रात्री लाइट येणार हाय, मोटार चालू करायची हाय," एवढंच म्हणाले. शेतीपंपाची वीज पाळीनं येते आणि त्या आठवड्यात ती रात्रीची होती. मोटार चालू करून ते परत आले तेव्हा त्यांना घरघर ऐकू आली. आम्हाला डीजेमुळे आणि आमच्या हसण्यामुळे ऐकू आली नव्हती. त्यांनी पोराला कुशीवर वळवलं, बोटानं तोंड साफ केलं, आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "उताणं झोपवू नये प्यालेल्या माणसाला. उलटी नरड्यात जाती अन् माणूस जातं." उजाडेपर्यंत ते त्याच्या उशाशी बसून होते.

आम्ही 108 ला फोन केला नाही. एकानं काढलं होतं मनात, पण दुसरा म्हणाला, गाडी गावातूनच येणार, सायरन वाजवत येणार, उद्या लग्न आहे, लोक काय म्हणतील? आम्ही चार पदवीधर माणसं होतो. त्यातल्या एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. ही लाज मला सगळ्यात जास्त आहे, ग्लासापेक्षाही जास्त.

आता पहिला मुद्दा. त्या पोराला कोरियन रीत का आवडली? त्याला नावं ठेवणं सोपं आहे. "मोबाइलनं पोरं बिघडवली" हे वाक्य प्रत्येक घरात तयारच असतं. पण त्यानं मोबाइलमध्ये जे पाहिलं ते जरा तुम्हीही बघा. मुलगा बापासमोर बसलाय. मधे हिरवी बाटली आहे, शेगडीवर मांस भाजतंय. बाप ओततो, मुलगा दोन्ही हात पुढे करतो. तीर्थ घेताना आपण उजव्या तळव्याखाली डावा हात धरतो, तशीच ती अदब. मुलगा नोकरी गेल्याचं सांगतो. बाप ऐकतो. कोरियात समजूतच आहे की दारू प्यायला मोठ्यांकडून शिकावी. म्हणजे मोठ्यांच्या नजरेखाली पहिला ग्लास घेतला की माणसाला आपलं माप कळतं आणि जिभेवर ताबा राहतो. जोसोन राजवटीच्या काळात तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा मान राखत मद्य घेण्याचा एक अख्खा विधी होता. ह्यांग-उम-जूऱ्ये त्याचं नाव. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला. आजच्या हॉटेलातली दोन हातांची अदब त्याच वळणाची आहे.

आता आपल्याकडचं दृश्य. परभणीच्या रस्त्यावरचा ढाबा. पोरगं मित्रांबरोबर बसलंय. दारातून बाप आत येतो. पोराचा हात आपसूक टेबलाखाली जातो. बापाला दिसलेलं असतं. तो न बघितल्यासारखं करून पलीकडच्या कोपऱ्यात, पाठ करून बसतो आणि आपली क्वार्टर मागवतो. दोघंही एकाच ढाब्यावर एकमेकांना पाठ करून पितात आणि वेगवेगळ्या वेळी घरी जातात. सकाळी चहाला समोरासमोर बसतात तेव्हा दोघांनीही काही पाहिलेलं नसतं. हे मी बनवून सांगत नाही. यातला पोरगा मी होतो.

वेड पांघरणं याहून वेगळं काय असतं?

आणि हे पांघरूण नुसतं घरातलं नाही, सरकारीसुद्धा आहे. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. हो, दारूबंदी. त्याच्यानुसार दारू विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो. नियमांतली भाषा बघाल तर हसाल. माणसाला प्रकृती टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे म्हणून परवाना. म्हणजे कागदोपत्री अख्खा महाराष्ट्र औषध म्हणून पितोय. दुकानदार परवाना विचारत नाही, गिऱ्हाईक मागत नाही. बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षी, बाकीची कडक दारू पंचविसाव्या वर्षी, असा वयाचा नियम. माझ्या मावसभावाला त्या रात्रीचा ग्लास कायद्यानं अजून सहा वर्षांनी चालणार होता. पण त्याच्या वयाची पोरं रोज उघडपणे रांगेत उभी असतात आणि रांगेला वय नसतं.

भाषासुद्धा पांघरूणच. आपण दारू पितो असं कधी म्हणत नाही. आपण 'बसतो'. ऑफिसातली माणसं 'घेतात'. "तुम्ही घेता का?" हा प्रश्न किती सभ्य वाटतो! निवडणुकीनंतर कार्यकर्त्यांचा 'श्रमपरिहार' होतो. 'पितो' हे क्रियापद फक्त गरिबासाठी राखून ठेवलंय. साहेब घेतात, सालगडी पितो. त्या रात्री घेणारे आम्ही होतो आणि पिणारा शुद्धीत होता.

कुणी म्हणेल, आपल्या संस्कृतीत दारूच नाही, मग रीत कुठून असणार? हे खरं नाही. गडचिरोलीकडे गोंड-माडिया लोक मोहाची दारू प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर सोडतात. पहिला घोट देवाचा, पूर्वजांचा. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या काळी गावोगाव शिंदी होती, आणि तिच्यावरच्या आबकारीचा पैसा थेट सरकारी तिजोरीत जायचा. म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा भाग झाला. आमच्या भागात दारू सरकारच्या फायद्याची आहे हे लोकांना 1947 सालीच कळलं होतं. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम गेला. आबकारी मात्र राहिली. आता तिला उत्पादन शुल्क म्हणतात.

इथपर्यंत वाचून काही मित्र खूश झाले असतील. "म्हणजे आपणही कोरियासारखं मोकळं व्हायला पाहिजे. बापलेकांनी एकत्र बसायला पाहिजे. दोन्ही हातांनी ओतायला पाहिजे." थांबा. आता दुसरा मुद्दा.

माझ्या मावसभावाला त्या रात्री जवळजवळ मारलं ते आपल्या ढोंगानं आणि कोरियाच्या अदबीनं मिळून. ढोंगानं त्याला आखाड्यावर आणलं. अदबीनं त्याची 'नाही' म्हणायची ताकद काढून घेतली. मोठ्याचा ग्लास नाकारायचा नाही हा नियम दिसायला गोड आहे, पण तो नेहमी मोठ्याच्या फायद्याचा असतो. मोठा म्हणजे नुसता वयानं नव्हे. मोठा म्हणजे साहेब, कंत्राटदार, कॉलेजातला सीनियर.

खुद्द कोरियात याचा हिशोब मालिकेत दिसतो तेवढा गोड नाही. तिथं ऑफिस सुटल्यावर साहेबांबरोबर जेवायला आणि प्यायला जायची पद्धत आहे, होएसिक म्हणतात. पहिली बैठक, मग दुसऱ्या ठिकाणी दुसरी, मग तिसरी. प्रत्येक फेरीला नाव आहे आणि मधूनच उठून जाणाऱ्याकडे साहेबाचं लक्ष आहे. नको असेल तर तिथलं नेहमीचं निमित्त म्हणजे "काढा चालू आहे". वाचताना ओळखीचं वाटतंय ना? कुणाला अगदीच सोसत नसेल तर दुसरा कुणी त्याच्या वाटचा ग्लास पितो. अशा माणसाला तिथं 'काळा सरदार' म्हणतात. कल्पना रम्य आहे, पण त्यात ग्लास कुणालातरी प्यावाच लागतो. तो पालथा घालायची सोय नियमात नाही. विद्यापीठात नव्यानं आलेल्या पोरांना भांडंभर दारू प्यायला लावण्याच्या प्रथेत पोरं मेलीसुद्धा आहेत. बायकांना साहेबाशेजारी बसवून ओतायला लावणं हेही या अदबीतच यायचं.

आणि कोरियन लोकच याच्या विरोधात उभे राहिले, हे मालिकेत सहसा दिसत नाही. 2007 साली सेऊलच्या उच्च न्यायालयानं हाताखालच्या बाईला जबरदस्तीनं प्यायला लावणं बेकायदा ठरवलं आणि वरिष्ठाला भरपाई द्यायला लावली. जुलै 2019 पासून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध तिथं कायदा आहे. आज तिथली तरुण पोरं साहेबाला सांगतात, मी येत नाही, मला घरी जायचंय. म्हणजे ज्या रिवाजापासून कोरियन पोरं हात सोडवून घेतायत, तो आमची पोरं दोन्ही हातांनी घेतायत.

त्यात एक साधा हिशोबही कुणी बघत नाही. मालिकेतल्या हिरव्या बाटलीतली सोजू साधारण सोळा-सतरा टक्क्यांची असते. आखाड्यावर आमच्याकडे व्हिस्की होती. तिच्या लेबलवर 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे अडीच पटीहून जास्त. सोजूचा छोटा ग्लास एका दमात संपवायची रीत उचलून ती व्हिस्कीला लावली की काय होतं ते मी बघितलंय. शिवाय तिकडच्या टेबलावर मांस, भाजी, सूप भरलेलं असतं. आमच्याकडे शेंगदाणे आणि शेव होती, आणि पोरानं दुपारपासून लग्नघरच्या धावपळीत काही खाल्लं नव्हतं.

तिसरा मुद्दा माझ्या मावशीचा. तो मी टाळू शकत नाही, कारण पोरगं तिचं आहे.

पंधरा दिवसांनी मी तिला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं ऐकून घेतलं. मग मी माझं तत्त्वज्ञान सुरू केलं, की मावशी, घरात उघडपणे बोललं असतं, रीत असती, तर असं झालं नसतं. तिनं हात थांबवले. "रीत? तुपले काका रीतीनंच प्यायचे. संध्याकाळी सात वाजता, हातपाय धुऊन, देवाला दिवा लावून. मारायचे बी रीतीनंच."

या वाक्यापुढे कोरिया, पुणे, माझा लेख, सगळं गप्प होतं. दारूच्या रीतीभातीवर गोड गोड लिहिणाऱ्यांनी, माझ्यासकट, हे वाक्य आधी गिळून दाखवावं.

म्हणून बायका रिवाज मागत नाहीत, बंदी मागतात. वर्धा जिल्हा 1974 पासून दारूबंदीत आहे, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपुरात 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. बाकीच्या जिल्ह्यांतल्या बायकांच्या हातात एक मतपत्रिका आहे, तिच्यावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आधी 25 टक्के बायकांनी सह्या करून मागणी करायची. मग मतदान. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. झालेल्या मतदानापैकी निम्मी नव्हे, एकूण मतदारांपैकी निम्मी. म्हणजे त्या दिवशी जी बाई कापूस वेचायला गेली, जी ऊसतोडीला गेलीय, जिला नवऱ्यानं दारातून बाहेर पडू दिलं नाही, तिचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारखं होतं. आमदार व्हायला निम्म्या मतदारांची गरज लागत नाही. दुकान बंद करायला लागते.

मावशीच्या गल्लीतल्या बायका एकदा सह्या गोळा करायला निघाल्या होत्या. पंचवीस टक्के झाल्या नाहीत. "बाया भेतात," मावशी म्हणाली. "सही केली की घरी मार, नाही केली तरी मार. मग सही कामून करावी?"

मी बंदीचा भाबडा समर्थक नाही. बंदी असलेल्या जिल्ह्यात दारू कशी पोचते हे सगळ्यांना माहीत आहे. पण बंदीला नावं ठेवणाऱ्या पुरुषांना मला एक विचारायचंय. बाईनं सह्या गोळा करायच्या, मार खायचा, मतदानाला रांगेत उभं राहून बाटली आडवी करायची. आणि आपल्याला बसल्या जागी शेजाऱ्याचा एक ग्लास पालथा घालता येत नाही?

हा माझा मूळ मुद्दा. आपल्याकडे दारूची रीत नाही असं मी वर म्हटलं, ते अर्धंच खरं आहे. एक रीत आपण मनापासून पाळतो. आग्रह. पंगतीतून उचलून तो आपण बाटलीपाशी आणून ठेवलाय. "घे रे", "एकानं काय होतंय", "माझी शपथ", "बायकोला घाबरतो का?" जिलबीच्या ताटातली भाषा जशीच्या तशी. पण पंगतीतल्या आग्रहाला एक उत्तर आपल्या आजोबांनी ठरवून ठेवलं होतं. ताटावर हात आडवा धरायचा. हात आडवा आला की वाढपी एकदा हसतो, दुसऱ्यांदा विचारतो, आणि पुढच्या पानाकडे जातो. गरम वरण कुणी हातावर ओतत नाही. बैठकीत येताना आपण आग्रह आणला आणि आडवा हात घरी विसरलो.

आमच्या भागात 'नाही' मान्य होण्याची चारच कारणं आहेत. माळकरी असणं, गोळ्या चालू असणं, श्रावण, आणि नवस. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणीवरून पंढरपूरला जाते, तिच्यात चालणाऱ्या आमच्या गावच्या माणसाला कुणी आग्रह करत नाही. गळ्यातली माळ दिसली की ग्लास आपोआप पुढे सरकतो. छान आहे. पण याचा अर्थ असा की देवाची, डॉक्टरची किंवा पंचांगाची चिठ्ठी आणली तरच माणसाचं 'नको' चालतं. नुसतं "मला नको" हे कारण म्हणून चालत नाही. "गाडी चालवायचीय" याला तर हशाच पिकतो. रक्तात 100 मिलीलीटरला 30 मिलिग्रॅमच्या वर दारू असताना गाडी चालवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. पहिल्यांदाच दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोरियातही 2019 पासून हीच मर्यादा आहे. फरक एवढाच की तिथं फोन केला की बदली चालक येऊन तुमची गाडी तुमच्या घरी नेऊन सोडतो. ही त्यांची रीत मालिकेतून कुणी उचलली नाही. दिसायला झोकदार नाही ना!

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं होऊन गेली. त्यातल्या तळीरामाचं नाव आपण दारुड्याला ठेवलंय. थर्टी फर्स्टच्या बातमीत 'तळीरामांची गर्दी' ठरलेली. पण नाटकातला तळीराम नुसता पिणारा नाही, पाजणारा आहे. सुधाकराचा मानभंग होतो, तेव्हा त्याच्या हातात पहिला प्याला तो देतो. पिणाऱ्याला आपण शंभर वर्षं नावं ठेवली, पाजणाऱ्याला मोकळं सोडलं. आखाड्यावर तळीराम मी होतो. दुसऱ्या दिवशी लग्नात मी फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत करत होतो, आणि पोरगं घरात 'पित्त झालं' म्हणून पडलं होतं.

पोरांनो, तुम्हाला मी पिऊ नका असं सांगितलं तर तुम्ही हा लेख इथंच बंद कराल, आणि मला तसं सांगायचा अधिकारही नाही. पण बसणार असाल तर कोरियन रीतीतलं एकच उचला. दुसऱ्याच्या ग्लासावर लक्ष ठेवा. तो भरायला नव्हे, थांबवायला. 'नको' एकदाच विचारा, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे जबरदस्ती. ज्याच्याकडे गाडीची चावी आहे त्यानं पालथा ग्लास समोर ठेवायचा, आणि त्याच्यावर विनोद करणाऱ्याला बाकीच्यांनी गप्प करायचं. झोपलेल्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. उठत नसेल, श्वास नीट नसेल, तर 108 लावा. सायरन वाजू द्या. गावाला कळू द्या. लग्न मोडत नाही. मोडलं तरी पोरगं राहतं.

आणि थोरल्यांनो, तुमच्या समोर पोरांनी प्यावं असं मी म्हणत नाही. पण ढाब्यावर पाठ करून बसू नका. एकदा उठून पोराच्या टेबलापाशी जा. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रागवायचं तर रागवा. पण बघितलंय हे त्याला कळू द्या.

यंदा दिवाळीत गेलो तेव्हा मावसभाऊ आखाड्यावरच होता, मामांबरोबर कापूस भरत. मालिका अजून बघतो. त्याला मी म्हटलं, चूक माझी होती. तो ओशाळला. म्हणाला, "जाऊ दे ना दादा." मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही. मग मामांनी किटलीतून चहा ओतला. पोरानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. अर्धा कप झाल्यावर त्यानं वर हात आडवा धरला, "बास मामा." मामा थांबले आणि उरलेला चहा त्यांनी माझ्या कपात ओतला.